मंडूकांचा मुलूख

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे देवालये, दुर्ग किंवा समुद्रकिनारे उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. मनुष्य घर सोडून दूर जातो तो काहीतरी भव्य अथवा पवित्र पाहावयास. परंतु केवळ बेडूक पाहण्याकरिता साठी उलटलेला एक गृहस्थ भर पावसात एस. टी.ने घाट उतरून जातो, ही गोष्ट आमच्या घरातील मंडळींस प्रथम पटली नाही. “बेडूक काय, आपल्या मोरीपाशीही येतात,” असे आमच्या कुटुंबाने सांगून पाहिले. म्हणणे अक्षरशः खरे होते. तथापि मोरीपाशी येणारा बेडूक हा वाट चुकलेला पांथस्थ असतो. त्याच्या स्वतःच्या मुलखात, त्याच्या ऐन वैभवाच्या दिवशी त्याचे दर्शन घेणे ही गोष्ट निराळी.

ह्या प्रवासाचे मूळ ऋग्वेदात आहे असे म्हटल्यास वाचकांस कदाचित हसू येईल, पण ते खरे आहे. सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. वसिष्ठ हे त्याचे ऋषी. वर्षभर मौनव्रत धरून पडून राहिलेले मंडूक पर्जन्याच्या स्पर्शाने जागे होतात आणि बोलू लागतात, हा त्याचा विषय. कोणी गाईसारखा हंबरतो, कोणी बकऱ्यासारखा ओरडतो. कोणी ठिपक्यांचा, कोणी हिरवा. एकाचे बोलणे दुसरा, शिष्याने गुरूची संथा म्हणावी तसा, पुन्हा म्हणतो. अतिरात्र नावाच्या सोमयागात भरलेल्या पात्राभोवती ब्राह्मण बसावेत तसे हे तळ्याभोवती बसतात, असेही ऋषी सांगतो. मॅक्सम्यूलरसारख्या पंडितास ह्यात आम्हा ब्राह्मणांची थट्टा दिसली. निरुक्तकार यास्काचे म्हणणे वेगळे. वसिष्ठ पावसाच्या इच्छेने पर्जन्याची स्तुती करीत असता मंडूकांनी त्यास अनुमोदन दिले, म्हणून त्याने प्रसन्न होऊन त्यांचीच स्तुती केली, असे तो सांगतो. तीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविताना ह्या दोन्ही मतांची चर्चा मी कितीतरी वेळा केली. परंतु त्या सूक्तातील वर्णन प्रत्यक्षाशी किती जुळते हे पाहावयाचे राहून गेले होते. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि सावंतवाडीस राहणाऱ्या भाच्याचे बोलावणे आले. भाचा महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवितो. “मामा, मृग लागल्यावर चार दिवसांत या, उशीर केलात तर मंडप उठलेला असेल,” असे त्याने कळविले होते.

कोल्हापुराहून आजऱ्यावरून आंबोलीकडे जाणारा रस्ता मृगाच्या सरींत मोठा रमणीय असतो. आजऱ्याच्या पुढे झाडी दाट होऊ लागते, हवेत गारवा येतो, आणि आंबोलीस पोचेतो ढग अगदी रस्त्यावर उतरलेले असतात. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी धारेवर वसलेले आहे. वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस येथे कोसळतो. येथेच हिरण्यकेशी नदी उगम पावते. समुद्र पश्चिमेस इतका जवळ असून ही नदी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेस जाते आणि घटप्रभेच्या द्वारा कृष्णेस मिळते. भाचा मला घेण्यास येथवर आला होता. “खाली उतरण्यापूर्वी वरचे एक बिऱ्हाड पाहून घ्या,” म्हणून तो मला एका उघड्या सड्यावर घेऊन गेला.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. उन्हाळ्यात तेथे गवताची काडी दिसत नाही आणि पाय भाजतात. पावसाळ्यात त्याच कातळावरील खोलगट जागी पाणी साचते. खोली म्हणाल तर चार बोटे, कोठे वीतभर. अशाच एका डबक्याकाठी भाच्याने मला बोटाएवढा एक जीव दाखविला. अंगावर पिवळसर रंग, कुशीवर वाघासारखे पट्टे. मराठी प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत खरखरीत कातडीच्या जातीस भेक आणि गुळगुळीत कातडीच्या जातीस बेडूक म्हणण्याची वहिवाट आहे. अमरसिंहाने मात्र भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव आणि दर्दुर ह्या साऱ्यांस एकाच पंक्तीस बसविले आहे. पट्टेरी कुशीचा हा प्राणी भेकांपैकी. स्वतंत्र जात म्हणून त्याचे वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. आंबोलीच्या परिसराबाहेर तो आढळल्याचे ज्ञात नाही, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्यास अत्यंत संकटग्रस्त जातींत घातले आहे. पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत त्यांचे मीलन होते आणि कातळावरच्या ह्या चार बोटे पाण्यात अंडी घातली जातात.

माझ्या मनात सहज प्रश्न आला. जवळच बारमाही झरे आहेत, नदी आहे. मग ह्याने दोन दिवस ऊन पडले तर आटून जाईल असे पाणी का पसंत करावे? भाचा म्हणाला, “ह्याचे उत्तर खाली शेतात मिळेल.” परततांना रस्त्यावर मोटारींच्या चाकांखाली सापडलेले चार-सहा जीव दिसले. पाऊस पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ आणि भेकांचा लग्नसराईचा काळ हे दोन्ही नेमके एकाच वेळी येतात.

घाट उतरून दाणोलीस आलो की मुलूख पालटतो. हवा दमट, माती तांबडी, दोहो बाजूंस नारळी-पोफळी, आणि डोंगराच्या पायाशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे. भाच्याच्या घरापासून कोस-दीड कोसावर त्याच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांस सारे गाव तात्या म्हणते. त्यांच्या खाचरांत रात्रभर मुसळधार पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेस आम्ही गेलो. तरवा अजून लहान होता. बाकीची खाचरे नांगरून पडलेली, आणि त्यांत घोट्याएवढे गढूळ पाणी. त्या पाण्यात जे दृश्य दिसले ते पाहून मी क्षणभर छत्री मिटावयास विसरलो.

तीस-चाळीस थोराड बेडूक त्या एका खाचरात होते आणि त्यांचा रंग हळदीचा होता! हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस; जुन्या पुस्तकांत राना टायग्रिना. आवाजावरून इंग्रजीत ह्यास वळूबेडूक अशा अर्थाचे नाव पडले आहे. एरवी तो शेवाळी-तपकिरी, अंगावर काळसर ठिपक्यांचा आणि पाठीवर लांबट वळ्या असलेला असतो. परंतु पहिल्या मोठ्या पावसात नर अवघ्या काही तासांत लिंबासारखा पिवळाजर्द होतो, आणि त्याच्या गळ्याच्या दोहो बाजूंस गर्द निळे फुगे फुगतात. हळद लागलेले नवरदेव एकाच मंडपात चाळीस! प्रत्येक जण फुगे फुगवून डरांव डरांव असा घोष करतो, दुसऱ्याच्या अंगावर उडी घेतो, ढकलतो, उलथा पाडतो. मादी आकाराने मोठी, रंगाने साधी, आणि मुकी. फुगे केवळ नरास असतात. ती शांतपणे काठाशी बसून असते. घोष दुरून ऐकला तर खरोखरच गाईच्या हंबरण्याचा भास होतो. आणि एकाने आरंभ केला की दुसऱ्याने तोच स्वर उचलावा, मग तिसऱ्याने, मग साऱ्या खाचराने, हा क्रम पाहून पाठशाळेतील संथेचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. वसिष्ठांनी हे घरात बसून लिहिलेले नाही, एवढी माझी खात्री झाली. थट्टा करणारा मनुष्य इतके बारकाईने पाहात नाही. यास्काचे म्हणणेच मला अधिक मानवले.

हा उत्सव फार तर काही दिवसांचा. नर मादीच्या पाठीवर बसून तिला घट्ट धरतो, मादी पाण्यात अंडी सोडते आणि त्याच वेळी नर त्यांवर रेत सोडतो. एका मादीची अंडी काही हजार भरतात. प्रत्येक अंडे मोहरीएवढे आणि भोवती पारदर्शक चिकट आवरण. एक-दोन दिवसांत त्यांतून शेपटीवाली पिल्ले बाहेर पडतात. भेकाचे पोर ते भैकेर, असा शब्द आपल्या शास्त्रग्रंथांतून रूढ आहे. हा भैकेर दिसावयास मासाच. कल्ल्यांनी श्वास घेणारा, शेपटीने पोहणारा. पुढे मागील पाय फुटतात, मग पुढील. कल्ले जाऊन फुप्फुसे येतात, शेपूट अंगातच जिरून जाते, आणि एके दिवशी तो बोटाच्या पेराएवढा बेडूक होऊन बांधावर चढतो. दोनदा जन्मतो म्हणून पक्ष्यास, दातांस आणि ब्राह्मणास आपण द्विज म्हणतो. अंड्यातून मत्स्य आणि मत्स्यातून भूचर असे रूप पालटणारा हा प्राणी त्या पंक्तीत कोठे बसवावा, हा प्रश्न वैयाकरणांनी अवश्य विचारात घ्यावा.

ह्या सगळ्यास साधारण महिना-दीड महिना लागतो. पाणी किती ऊबदार आहे आणि अन्न किती मिळते ह्यावर तो काळ कमीअधिक होतो. आता आंबोलीच्या प्रश्नाचे उत्तर. बारमाही खोल पाण्यात मासे असतात, आणि माशांस अंडी व भैकेर म्हणजे आयते पक्वान्न. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, म्हणून तेथे पोरे सुरक्षित. शिवाय उथळ पाणी उन्हाने लवकर तापते, त्यात शेवाळ व बारीक जीव विपुल होतात, आणि वाढ जलद होते. मात्र ह्या सुरक्षिततेची किंमत द्यावी लागते. पाऊस मध्येच पंधरा दिवस दडी मारून बसला की डबके आटते आणि पाय फुटण्यापूर्वीच हजारो पोरे चिखलात वाळून जातात. पाणी आधी आटते की पाय आधी फुटतात, अशी ही शर्यत आहे. ह्या बेडकाने त्या शर्यतीकरिता आपल्या पोरांस एक क्रूर साधन दिले आहे. इतर अनेक जातींचे भैकेर शेवाळ कुरतडून जगतात. ह्याचे मात्र बळकट जबड्याचे व मांसाहारी असतात. ते दुसऱ्या जातीच्या पोरांस खातात, आणि वेळ पडल्यास आपल्याच भावंडांस. डबके जसे आटत जाते तसे पन्नास लहानांच्या मोलाने पाच मोठे तगतात. नीतिशास्त्राच्या दृष्टीने हे ऐकावयास बरे वाटत नाही. पण ज्याच्या पायांखालचे पाणी रोज बोटभर कमी होते त्याचे शास्त्र वेगळे असावयाचेच.

बांधावर चढलेला बेडूक पुढे भाताच्या बेचक्यांत राहतो. त्याची शिकार बैठी. हलणारी वस्तू दिसली की पुढच्या टोकास जोडलेली जीभ बाहेर फेकावयाची आणि भक्ष्य तोंडात ओढावयाचे; गिळतेवेळी डोळे आत ओढून घशाकडे ढकलावयाचे. किडे, टोळ, गांडुळे, लहान खेकडे, लहान बेडूक, प्रसंगी उंदराचे पिल्लूही त्यास वर्ज्य नाही. बांध पोखरणारे खेकडे आणि भात खाणारे किडे ज्यास नकोसे असतात त्या शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदार होय. त्याच्यावर धामण, दिवड, बगळे, मुंगूस ह्यांचे पोट चालते. म्हणजे खाचरातील एक दुवा निखळला तर वरचे आणि खालचे दोन्ही सैल पडतात.

हा केवळ तर्क नव्हे. इ. स. १९५० नंतर ह्या बेडकाच्या तंगड्यांचा परदेशी व्यापार वाढत गेला. १९८१ साली चार हजार टनांहून अधिक तंगड्या आपल्या देशातून बाहेर गेल्या. युरोप-अमेरिकेतील खाणावळींस त्यांची चटक लागली होती. रात्री कंदील घेऊन खाचरांतून पोती भरून बेडूक नेत असत. १९८५ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात ह्या जातीचा समावेश झाला, आणि १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. शेतातील किडींचा वाढता त्रास आणि त्याकरिता विकत घ्यावी लागणारी औषधे ह्यांचा हिशेब त्या निर्णयामागे होताच. कायद्याने बंदी असूनही शेजारच्या गोव्यात पावसाळी रात्री चोरून धरपकड होते. तेथे भोजनगृहांत ह्या मांसास थट्टेने जंपिंग चिकन म्हणतात.

ह्याच्या उलट एक गोष्ट भाच्याने सांगितली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हाच बेडूक अंदमान बेटांवर मूळचा नाही. अलीकडच्या काळात, बहुधा मत्स्यपालनाच्या बीजाबरोबर, तो तेथे गेला आणि झपाट्याने पसरला. तेथील स्थानिक बेडकांच्या पोरांस ह्या परक्या मांसाहारी भैकेरांची सवय नाही. ती त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. कोंबडीची पिल्लेही तो पळवितो म्हणून तेथील लोक त्रस्त आहेत. कोकणात जो राखणदार तोच अंदमानात दरोडेखोर ठरला. प्राण्यास चांगला-वाईट म्हणण्यापूर्वी तो कोठे उभा आहे हे पाहावे लागते.

आता पाऊस संपल्यावर काय? कार्तिकात खाचर सुकू लागते, भात कापून होते, आणि हा हळूहळू दिसेनासा होतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते कातडीवाटे शोषतो, आणि श्वासाचा बराच भागही ओल्या कातडीवाटेच चालतो. कातडी वाळली की तो मेला. म्हणून ओल उरली आहे तोच तो बांधाच्या पोटात, तळीच्या काठच्या मऊ गाळात शिरतो आणि तेथे हालचाल, आहार सारे कमी करून पहिल्या पावसाची वाट पाहात पडून राहतो. सूक्तात ऋषीने तळ्यात पडलेल्या मंडूकास सुकलेल्या चामडी पिशवीची उपमा दिली आहे; ती किती यथार्थ! योगसूत्रांवरील टीकेत वाचस्पतिमिश्रांनी तर असा दृष्टांत दिला आहे की, मातीत मिसळून गेलेला मंडूकदेह मेघधारांनी पुन्हा मंडूकदेह होतो. प्रत्यक्षात देह माती होत नाही, मातीत केवळ लपतो. पण वैशाखात भेगाळलेली जमीन आणि ज्येष्ठात तिच्यातून उठलेला घोष ज्याने पाहिला त्यास दुसरे काय वाटावे? वर्षाभू हे नावही त्याच आश्चर्यातून आले असले पाहिजे.

तेव्हा ह्या प्राण्याच्या संसारास तीन दालने लागतात असे दिसून येईल. पोरांस उथळ, ऊबदार, आटणारे पाणी. प्रौढास ओले गवत आणि किड्यांनी भरलेले शेत. आणि कोरड्या अर्ध्या वर्षाकरिता मऊ मातीचा काठ. आणि ही तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रौढ बेडूक बारमाही तळ्याकाठीही सुखाने राहतो; परंतु एक दालन बुजले की उरलेल्या दोहोंचा पुढल्या पिढीस उपयोग होत नाही.

हे मी एवढे विस्ताराने लिहितो त्यास कारण तात्यांच्या गावात सध्या चाललेला वाद. देवळामागे एक जुनी तळी आहे. पावसात ती काठोकाठ भरते, फाल्गुनात तिचा तळ दिसू लागतो. गावातील काही मंडळींचे म्हणणे असे की, ती खोल खणावी, चारी बाजूंनी सिमेंटने बांधून काढावी आणि तीत रोहू-कटल्याचे बीज सोडावे. म्हणजे पाणी बारमाही राहील आणि ग्रामपंचायतीस उत्पन्नही होईल. ही मागणी उगीच नाही. वैशाखात तेथील बायकांस हंडा घेऊन वरच्या वाडीतील विहिरीवर जावे लागते, आणि तो चढ मी स्वतः रिकाम्या हाताने चढून पाहिला आहे. माणसाच्या तहानेपुढे बेडकाचा संसार आणून उभा करावयाचा, हे माझ्यासारख्या पाहुण्यास शोभणार नाही.

पण तात्यांनी सभेत जे सांगितले ते मला विसरता येत नाही. ते म्हणाले, “ह्या पाणी सुकूक व्हया. सुकला तरच जमीन जित्ती रवता.” हे वाक्य बोलणारा मनुष्य कोणत्याही महाविद्यालयात गेलेला नाही. सुकलेल्या तळीत त्यांची गुरे चरतात, तिचा गाळ खाचरांत जातो, आणि मृगात तिच्यातूनच राखणदारांची नवी पलटण शेतावर येते, हे त्यांनी सत्तर वर्षे पाहिलेले आहे. भाच्याने मधला मार्ग सुचविला: पिण्याच्या पाण्याकरिता तळीच्या वरच्या अंगास विहीर घ्यावी, किंवा खणावयाचेच तर एकच कोपरा खोल करावा, पूर्वेचा उतरता मातीचा काठ आणि त्यालगतचे उथळ पाणी जसेच्या तसे ठेवावे, त्या भागात मासे सोडू नयेत. खर्चही कमी येईल. काहींस हे पटले, काहींस नाही. “बेडकांकरिता सिमेंट अडविता काय?” असेही एकाने विचारले. हा लेख लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही.

असले वाद आज पुष्कळ गावांतून चालू असतील, आणि कित्येक गावांत वाद न होताच काम उरकलेही असेल. पाणथळ जागांच्या रक्षणाकरिता १९७१ साली इराणातील रामसर येथे राष्ट्रांचा करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर व लोणार ह्यांस २०२० मध्ये आणि ठाण्याच्या खाडीस २०२२ मध्ये त्या यादीत स्थान मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु यादीत जातात ती मोठी सरोवरे. २०१७ च्या पाणथळविषयक नियमांत तर भातखाचरे व्याख्येतूनच वगळलेली आहेत. शेतकऱ्यास शेती करताना अडचण येऊ नये म्हणून तसे करणे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे चार महिने भरणारी आणि आठ महिने सुकणारी जागा कोणाच्याच वहीत राहात नाही. फाल्गुनात पाहणारा तिला ओसाड म्हणतो, आषाढात पाहणारा दलदल म्हणतो. आणि दोघेही एकदिलाने तीत भराव घालतात. तिचे सुकणे हा तिचा दोष नसून तोच तिचा गुण आहे, हे सांगणारा तात्यांसारखा एखादाच.

परतीच्या प्रवासात कोकण रेल्वेच्या खिडकीतून खाचरे मागे पडत होती. लावणी सुरू झाली होती. मध्येच एखादा तुकडा लाल मातीने भरून सपाट केलेला, त्यावर घरबांधणीची पाटी. त्या पाटीखालील मातीत मागल्या कार्तिकात शिरलेले किती जण असतील, असा विचार मनात येई, आणि तोच गाडी बोगद्यात शिरे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची घरे आता शहरांत आहेत. तथापि घरी मुले आहेत, आणि बहुतेकांचे एखादे गावही अजून आहे. त्यांस माझी एक साधी सूचना आहे. मृग लागला की मुलांस घेऊन जवळच्या एखाद्या उथळ पाण्याकाठी पहाटेस जावे. काही धरू नये, काही मारू नये, नुसते पाहावे. पहिली डरांव ज्या दिवशी ऐकू येईल त्या दिवशी घरातील पंचांगाच्या समासात तेवढी नोंद करावी. त्याच जागी पाणी किती दिवस टिकले आणि त्यातून पाय फुटलेली पिल्ले बाहेर पडलेली दिसली की नाही, हेही लिहावे. पुढल्या वर्षी पुन्हा. दहा वर्षांत प्रत्येक घरापाशी आपापल्या पाण्याचा एक दाखला तयार होईल. आणि कोणी ती जागा भरावयास आला तर त्याच्यापुढे ठेवण्यास आपल्या हाती तात्यांच्या सत्तर वर्षांसारखे काहीतरी असेल.